917 चेंडू आणि 24 चेंडू: आपल्या इंदूरची बोलिंग



इंदूरच्या क्रिकेटचा विषय निघाला की आपली गाडी बॅटिंगवरच जाते. सी. के. नायडूंचे षटकार, मुश्ताक अलींचं पुढे सरसावून मारणं, डेनिस कॉम्प्टन. बोलरची आठवण फारसं कुणी काढत नाही. मुश्ताक अली 1934 साली पहिली कसोटी खेळले ते डावखुरे स्लो बोलर म्हणून, हेसुद्धा आता किती जणांना माहीत असेल! मी स्वतः इथल्या लीगमध्ये पंधरा-सोळा वर्षं ऑफस्पिन टाकली (त्यातले बरेच चेंडू सरळच जायचे, ते सोडा), म्हणून आज बोलरांच्या बाजूने लिहितो. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

आधी एक आकडा. मार्च 1945, मुंबईचं ब्रेबॉर्न स्टेडियम, रणजीची फायनल, मुंबई विरुद्ध होळकर. सी. कें.चे धाकटे भाऊ सी. एस. नायडू, लेगस्पिनर, आपल्या होळकर संघाकडून खेळत होते. पहिल्या डावात त्यांनी 64.5 ओव्हर टाकल्या, दुसऱ्या डावात 88. एकूण 152 ओव्हर आणि 5 चेंडू, म्हणजे 917 चेंडू. 428 धावा दिल्या, 11 विकेट काढल्या. एका प्रथम श्रेणी सामन्यात एकाच बोलरने इतके चेंडू टाकल्याचं दुसरं उदाहरण नाही. कॉम्प्टन तेव्हा लष्करात, महूला होता, म्हणून होळकरकडून खेळला. जिंकायला 867 हव्या होत्या. त्याने नाबाद 249 केल्या, तरी आपण 374 धावांनी हरलो.

आता आजचं. टी-20 मध्ये एका बोलरला जास्तीत जास्त 4 ओव्हर, म्हणजे 24 चेंडू. जन्म बँकेत गेला, त्यामुळे भागाकार केल्याशिवाय राहवत नाही. 917 ला 24 ने भागा. 38 सामने होतात आणि वर 5 चेंडू उरतात. सी. एस. नायडूंनी एका सामन्यात जेवढं काम केलं तेवढं करायला आजच्या पोराला अडतीस सामने पूर्ण कोटा टाकून एकोणचाळिसाव्याला हात लावावा लागेल. माझ्या मते जुन्या आणि नव्या बोलिंगमधला खरा फरक या भागाकारातच आहे. बाकीचं सगळं, वेग, ग्रिप, नकलबॉल, त्यातून निघालेलं आहे.

होळकर संघाने चार वेळा रणजी जिंकली: 1945-46, 1947-48, 1950-51 आणि 1952-53. सहा वेळा फायनल हरला तो वेगळा. त्या यशात चंदू सरवटे आणि हिरालाल गायकवाड या जोडीचा वाटा फार मोठा. सरवटे वकिलीचं शिकलेले आणि बोटांच्या ठशांचे तज्ज्ञ. स्पिनरला याहून शोभणारा व्यवसाय मला तरी सुचत नाही. 1945-46 मध्ये म्हैसूरविरुद्ध इंदूरला होळकरने 8 बाद 912 केल्या, सहा जणांनी शतकं ठोकली, हे सगळे सांगतात. त्याच सामन्यात सरवट्यांनीही शतक केलं आणि म्हैसूरच्या पहिल्या डावात 61 धावांत 9 विकेट काढल्या, हे मात्र कुणी सांगत नाही. गायकवाड डावखुरे. नवा चेंडू मध्यम वेगाने टाकायचे आणि जुना झाला की त्याच हाताने स्पिन. दोघंही कॅप्टनला दिवसभर उपलब्ध. आमच्या वडिलांची पिढी यशवंत क्लबवर यांना पाहायला जायची. डबा घेऊन जायचे, कारण सामना संध्याकाळपर्यंत चालणार आणि बोलर बहुतेक तेच राहणार.

आमच्या वेळेला, साधारण 1966 ते 82, आम्ही मॅटवर खेळलो. नव्या मंडळींना हे समजावून सांगावं लागतं. मुरुमाची घट्ट पट्टी, तिच्यावर काथ्याची मॅट अंथरायची, चारी बाजूंनी ताणून खिळे ठोकायचे. सकाळी लवकर पोचणाऱ्याच्या नशिबी हे काम, म्हणून बॅट्समन नेहमी उशिरा यायचे! काथ्यावर चेंडू टप्पा पडला की पकडायचा आणि उसळायचा. माझ्यासारख्याला फायदा व्हायचा, कारण फारशी फिरकी नसली तरी मॅट स्वतःच थोडी वळवून द्यायची. पण मॅटवरचा चांगला टप्पा गवताच्या पिचवर आखूड ठरतो. मॅटचा राजा टर्फवर गेला की पहिल्या तीन ओव्हरमध्येच त्याचा भिकारी व्हायचा. टप्पा दोन हात पुढे न्यायला त्याला सगळा दिवस लागायचा. पण तो दिवस त्याला मिळायचा, मुद्दा हा आहे. रविवारची मॅच दिवसभराची, ओव्हरची मर्यादा नाही, आणि कॅप्टन म्हणायचा, "टाकत राहा भिया, सुधरेल." आणि सुधारायचंही.

दुसरी गोष्ट पैशाची. बॅट महाग, पॅड महाग, ग्लोव्ह्‌ज क्लबचे फाटके. बोलरला काय लागायचं? पांढरे कॅनव्हासचे बूट. त्यामुळे नारायण बागेतल्या, रामबागेतल्या, जेलरोडच्या कारकुनांच्या, मास्तरांच्या घरची आमच्यासारखी पोरं बोलर व्हायची. बॅट ज्याची तो ओपनर, हा जणू कायदाच. नवा लाल चेंडू मॅचलाच निघायचा. नेटमध्ये दोन-दोन महिने वापरलेला, शिवण बसलेला चेंडू. तो स्विंग कुठून होणार? म्हणून आम्ही सगळे स्पिन शिकलो. इंदूरला स्पिनरांची परंपरा आहे असं लोक मोठ्या अभिमानाने म्हणतात. माझा अंदाज असा की अर्धी परंपरा जुन्या चेंडूची आहे.

शिकवणारा कोच नव्हता. समोरच्या टोकाकडून टाकणारा वयाने मोठा बोलर हाच कोच. मी आमच्या क्लबमधल्या एका काकांच्या जोडीने सहा-सात सीझन टाकलं. लेफ्ट आर्म स्पिन, सरकारी खात्यात नोकरी. ओव्हर संपली की जाता जाता एकच वाक्य बोलायचे. "हा पाय काढतोय." "याला वर ठेव." बस्स. पुढचं आपण करायचं. अशा शे-दोनशे वाक्यांवर माझं सगळं क्रिकेट झालं. पण उगाच सोनेरी मुलामा नको. आमच्यातल्या निम्म्यांचा हात मोडायचा आणि कुणी बोलायचं नाही, कारण अंपायर आपल्याच क्लबचा बारावा खेळाडू. फील्डिंग अशी की कॅच सुटला तर बोलरनेच "असू दे" म्हणायचं. थुंकी लावून लावून विजारीवर लाल पट्टा पडायचा आणि घरी आई त्यावरून बोलायची. (2020 मध्ये करोनामुळे थुंकीवर बंदी आली आणि 2022 पासून आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये ती कायम झाली, तेव्हा मला पहिली आठवण आईची आली.)

मधल्या पिढीत हिरवाणी झाला. नरेंद्र हिरवाणी मूळ गोरखपूरचा, इंदूरला आला तो क्रिकेटसाठी. त्याला इथे घडवलं संजय जगदाळे यांनी, म्हणजे होळकर संघातून खेळलेल्या माधवसिंह जगदाळ्यांचे चिरंजीव. होळकरांचं ज्ञान एका घरातून पुढच्या पिढीत कसं गेलं ते बघा. जानेवारी 1988, मद्रास, समोर वेस्ट इंडीज, पहिलीच कसोटी: 61 धावांत 8 आणि 75 धावांत 8. सामन्यात 136 धावांत 16. त्या दिवशी आमच्या शाखेत काउंटरच्या आतले आणि बाहेरचे सगळे एकाच ट्रान्झिस्टरला चिकटले होते. कॅशची टॅली संध्याकाळी उशिरा लागली, पण लागली. हिरवाणी चेंडू हवेत ठेवायचा, अगदी वर. बॅट्समनला पुढे यायला लावायचा. हे धाडस नेटमध्ये हजारो चेंडू टाकल्याशिवाय येत नाही. त्यातले कितीतरी मार खातात, आणि तो मार खाण्याची परवानगी कुणीतरी द्यावी लागते.

आता घरातलं सांगतो. माझ्या पुतण्याचा मुलगा पंधरा वर्षांचा आहे, लेगस्पिन टाकतो. अकादमीत जातो, फी ऐकून मी गप्पच बसलो. त्याचा मनगटाचा झटका सुंदर आहे, आमच्यात कुणाचा नव्हता इतका. गेल्या पावसाळ्याआधी त्याला सांगण्यात आलं की स्पीड वाढव, फ्लाइट कमी कर, नाहीतर टी-20 च्या निवडीत टिकणार नाहीस. तेव्हापासून तो सपाट टाकतो. मी म्हटलं, "अरे, जरा वर ठेव की. एक सिक्स बसली तर बसली."

तो म्हणाला, "आबा, तुम्हाला एक सिक्स बसली तर पुढे वीस ओव्हर होत्या. मला एक बसली तर माझी ओव्हर गेली, दोन बसल्या तर मी गेलो."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. हिशेब बरोबर आहे त्याचा. 24 चेंडूंत एका चेंडूची किंमत 917 मधल्या एकापेक्षा अडतीसपट.

मग मी महिनाभर त्याच्या शेजारी बसून मॅचेस पाहिल्या आणि मला मान्य करायला हवं की ही पोरं आमच्यापेक्षा जास्त जाणतात. चेंडू रनअपमध्ये दुसऱ्या हाताने झाकून धरायचा, म्हणजे ग्रिप दिसत नाही. तोच हात, तोच वेग दाखवून चेंडू मात्र बोटांच्या मागून हळू सोडायचा. ऑफच्या बाहेर वाइडच्या रेषेला टेकवून यॉर्कर. समोरचा बॅट्समन कुठे मारतो याचा नकाशा आदल्या रात्री मोबाइलवर. आम्ही बॅट्समनला ओव्हरमागून ओव्हर ओळखत जायचो, हे त्याला ओळखूनच मैदानात येतात. आम्ही एकच चेंडू चांगला टाकायला शिकलो आणि त्यात किंचित फरक करत राहिलो. यांना सहा चेंडू सहा प्रकारचे टाकता यावे लागतात. बॅट पण तशाच झाल्यात. आपल्याच होळकर स्टेडियमवर डिसेंबर 2011 मध्ये सेहवागने 219 मारल्या ते आठवा. वेस्ट इंडीजच्या बोलरांची दया येत होती.

पण खेळ लांबला की काय होतं? त्याच मैदानावर मार्च 2023 मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्धची कसोटी. पहिल्याच दिवशी 14 विकेट पडल्या, भारत 109 मध्ये गारद. पिच वाईट होतं, रेफरीने तसा शेराही मारला. तरी दुसऱ्या डावात नेथन लायनने 64 धावांत 8 काढल्या त्या जुन्या पद्धतीने, एकाच जागी टप्पा ठेवून. मी नातवाला तो स्पेल तीनदा दाखवला. तिसऱ्यांदा तो मोबाइल बघत होता.

आणखी एक उदाहरण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. जून 2022 मध्ये मध्य प्रदेशने मुंबईला हरवून पहिल्यांदा रणजी जिंकली. कोच चंद्रकांत पंडित, जे 1998-99 मध्ये आपल्याच संघाचे कॅप्टन म्हणून बेंगळुरूलाच फायनल हरले होते. त्या सीझनला आपल्या कुमार कार्तिकेयने 32 विकेट घेतल्या. लेफ्ट आर्म स्पिन, लांब स्पेल, एका बाजूने दाबून धरणं. आमच्या काकांना बघून शिकलाय असं वाटावं. आणि त्याच वर्षी, त्याआधी जेमतेम दोन महिने, आयपीएलमध्ये हाच मुलगा बोटांच्या स्पिनबरोबर मनगटाचीही स्पिन टाकत होता. म्हणजे एकाच पोराने दोन खाती उघडली. एक मुदत ठेव, एक चालू खातं.

हे मी नातवाला सांगितलं. त्याने विचारलं, "चार दिवसांची मॅच मला कुठे मिळणार?" प्रश्न योग्य आहे. 2024 मध्ये ग्वाल्हेरला मध्य प्रदेश लीग सुरू झाली, पाच संघ. दिवे, टीव्ही, गर्दी. आनंदच आहे. ज्याच्या वडिलांचं केशकर्तनालय आहे असा रीव्याचा कुलदीप सेन 2022 मध्ये भारताकडून खेळला. बोलिंग अजूनही साध्या घरातल्या पोराला वर काढते हे बघून बरं वाटतं. पण लांब मॅचेस शहरातल्या लीगमध्ये कमी झाल्या आहेत, आणि पंधरा-सोळाच्या वयात ज्या मुलाने एका दिवसात वीस ओव्हर टाकल्याच नाहीत, त्याला पंचविसाव्या वर्षी रणजीत त्या कशा जमतील, हे मला कळत नाही. आपल्यातले जे लोक अजून क्लब चालवतात त्यांनी सीझनला निदान चार-पाच सामने दोन दिवसांचे ठेवावेत, एवढंच माझं म्हणणं. खर्च लागतो हे मला माहीत आहे. चेंडूंचे पैसे मी देईन, मॅटची आता गरजच नाही.

तूर्तास आम्ही घरी एक तोड काढली आहे. रविवारी सकाळी तो माझ्या सांगण्याप्रमाणे साठ चेंडू वर ठेवून टाकतो, त्यानंतर त्याच्या कोचच्या पद्धतीने चोवीस. मी खुर्ची टाकून मोजत बसतो. वर ठेवलेले किती मार खाल्ले ते लिहायचं नाही, असं ठरलंय.

आणि एक विनंती. होळकर संघाचे आकडे पुस्तकांत आहेत, पण आमच्या लीगच्या बोलरांचे आकडे फक्त क्लबच्या स्कोअरबुकात होते. त्यातली बरीच रद्दीत गेली. कुणाच्या माळ्यावर, वडिलांच्या ट्रंकेत, 1960 ते 80 मधलं एखादं स्कोअरबुक असेल तर टाकून देऊ नका. बोलिंगच्या पानांचे फोटो काढून इथे टाका. पेन्सिलीने लिहिलेलं पुसट झालं असेल तरी चालेल, वाचायचं काम मी करतो.