हंगामातली शेवटची बोट

आपल्या कऱ्हाड-मलकापुराहून कुंभार्ली घाट उतरला की कोकण लागते. तिथल्या गिरणीकामगाराचे वर्ष एके काळी बोटीवर बेतलेले असे. पावसाळा तोंडावर आला की किनाऱ्यावरची आगबोट बंद होई, ती पाऊस ओसरेपर्यंत. मे महिन्यात गावी आलेल्याला उत्तरेकडची शेवटची बोट गाठावीच लागे. चुकली तर घाट चढून कऱ्हाडची आगगाडी धरायची; तोवर खाडा पडून साच्यावर बदलीवाला उभा! युनियनच्या सभांतून आम्ही हे जुन्या कामगारांच्या तोंडून ऐकले आहे.

बोट बंदरापासून दूर उभी राही. खवळत्या पाण्यातून पडावाने जाऊन बायकामुले वर चढवायची. पुढे जयगड, दाभोळ, हर्णैचा सुवर्णदुर्ग, जंजिरा. देखावा अप्रतिम खरा. पण डेकवरचा माणूस तांदळाचे गाठोडे सांभाळी. (वर्णने लिहिणारे बहुधा वरच्या वर्गात बसत.)

रेवसचा जवळचा मार्ग मात्र पावसातही चाले. १७ जुलै १९४७ रोजी त्याच मार्गावर ‘रामदास’ बुडाली. ६०० हून अधिक माणसे गेली.

१९९८ साली कोकण रेल्वे पुरती धावू लागली. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या होत्या. साच्यावर पोचायची घाई असलेले उतारू आता थोडेच उरले होते.