शत्रूला जखडण्याचे मार्ग : नागपूरकर भोसल्यांच्या राजकारणाचा एक तौलनिक अभ्यास (इ. स. १७३० ते १८१८)

प्रस्तावना

बुद्धिबळाच्या पटावर राजाला मारीत नाहीत. त्याच्या वाटा एकेक करून बंद करतात आणि हलण्यास घर उरले नाही म्हणजे डाव संपतो. अठराव्या शतकातील मराठ्यांचे राजकारण बऱ्याच अंशी याच न्यायाने चालले. शत्रूचा समूळ नाश करण्यापेक्षा त्याला निष्क्रिय करून आपल्या सोयीने वागावयास लावणे हे अधिक लाभाचे मानले जाई. असे असूनही आपल्या अभ्यासक्रमांत लढायांच्या तारखा आणि जयापजय यांनाच अधिक जागा मिळते. लढाई संपल्यावर पराभूताचे काय केले आणि जे केले ते किती काळ टिकले, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

अमरावती मार्गाने वाडीहून नागपूर शहरात येणारा विद्यार्थी सीताबर्डीची टेकडी रोज पाहतो. तेथे १८१७ साली लढाई झाली एवढे त्याला ठाऊक असते. परंतु त्या लढाईनंतर नागपूरचा राजा आपल्याच राजधानीत कैदी कसा झाला, याची संगती त्याला लागत नाही. ती लावावयाची तर ज्या घराण्याने ऐंशी वर्षे इतरांना जखडले तेच घराणे शेवटी कोणत्या साधनाने जखडले गेले, हे तपासावे लागते. प्रस्तुत निबंधाचा हाच विषय होय.

अभ्यासासाठी चार मार्गांचा विचार केला आहे : (१) प्रत्यक्ष कैद, (२) सन्मानपूर्वक नियंत्रण, (३) तह व खंडणी यांचे बंधन, आणि (४) तैनाती फौज. प्रत्येक मार्गाला तीन कसोट्या लावल्या आहेत. बंधन किती काळ टिकले? ते टिकविण्याचा भार कोणावर पडला? आणि त्यामुळे केवळ व्यक्ती अडकली की तिच्यामागील बळही थांबले?

१. प्रत्यक्ष कैद

पहिले रघूजी भोसले यांच्या उदयाची सुरुवातच एका कैदेने झाली. त्यांचे चुलते कान्होजी भोसले हे सेनासाहेबसुभा होते. त्यांच्याविषयी छत्रपती शाहू महाराजांचा विश्वास उडाल्यावर रघूजींना त्यांच्यावर पाठविण्यात आले. वणीजवळ मंदर येथे कान्होजींचा पराभव होऊन ते हाती लागले आणि साताऱ्यास कैदेत राहिले. रघूजींनी चुलत्यांना स्वतःजवळ ठेवले नाही, ही गोष्ट येथे महत्त्वाची आहे. कैद करणारा एक व कैदेत ठेवणारा दुसरा, अशी ही विभागणी होती. भाऊबंदकीतील सूड हे रूप जाऊन कैदेला छत्रपतींच्या आज्ञेचे अधिष्ठान मिळाले. वऱ्हाडात कान्होजींच्या नावाने पुन्हा मोठा उठाव झाला नाही, त्याचे एक कारण हे अधिष्ठान असावे.

दुसरे उदाहरण अगदी निराळे आहे. १७४० साली रघूजींनी कर्नाटकाची मोहीम काढली. मे महिन्यात दामलचेरीच्या घाटात अर्काटचा नवाब दोस्त अली मारला गेला. त्याचा जावई चंदासाहेब त्रिचनापल्लीच्या किल्ल्यात होता. मराठ्यांनी किल्ल्यास वेढा घातला, रसद तोडली आणि मार्च १७४१ मध्ये चंदासाहेब शरण आला. किल्ला मुरारराव घोरपडे यांच्या ताब्यात देण्यात आला. चंदासाहेब मात्र पुढे सुमारे सात वर्षे मराठ्यांच्या कैदेत होता.

येथे दोन बंधने एकाच वेळी घातली गेली होती : एक किल्ल्यावर, दुसरे किल्लेदारावर. पैकी किल्ला १७४३ मध्ये निजामाने घेतला. म्हणजे भूमीवरील पकड दोन-अडीच वर्षांत सुटली, पण माणसावरील पकड राहिली. तथापि या काळात चंदासाहेबाचे कुटुंब पाँडिचेरीस फ्रेंचांच्या आश्रयाला होते आणि अर्काटच्या गादीवरील त्याचा दावा कोणी निकालात काढला नव्हता. १७४८ च्या सुमारास खंडणीच्या बोलीवर तो सुटला. ऑगस्ट १७४९ मध्ये अंबूरच्या लढाईत नवाब अन्वरुद्दीन पडला, तेव्हा विजयी पक्षात डुप्लेक्सच्या फौजेबरोबर चंदासाहेब होता. १७५२ मध्ये त्याचा अंत झाला तरी दक्षिणेतील इंग्रज-फ्रेंच संघर्षाचे रूप दरम्यान पालटून गेले होते. कैदेने त्याला थांबविले, पण त्याचा दावा थांबविला नाही.

तिसरे उदाहरण चांद्याच्या गोंड राजाचे. नीलकंठशहाशी प्रथम महसुलाच्या हिश्शाचा करार झाला होता. तो मोडल्यावर १७५१ मध्ये रघूजींनी चांदा घेतले आणि नीलकंठशहास बल्लारपूरच्या किल्ल्यात ठेवले. तेथेच त्याचा शेवट झाला. ही कैद टिकली, कारण येथे व्यक्तीबरोबर तिचे राज्यही हाती आले होते आणि बाहेरून दावा उचलून धरणारे कोणी उरले नव्हते. चंदासाहेबाला पाँडिचेरी होती. नीलकंठशहाला कोणी नव्हते.

२. सन्मानपूर्वक नियंत्रण

नागपूरच्या इतिहासातील सर्वांत सूक्ष्म बंधन देवगडच्या गोंड राजघराण्यावर घातले गेले. राजा चांदसुलतानाच्या मृत्यूनंतर वलीशहाने गादी बळकावली. राणी रतनकुंवरने रघूजींची मदत मागितली. रघूजींनी वलीशहास पराभूत करून कैदेत टाकले आणि राणीचे पुत्र बुऱ्हाणशहा व अकबरशहा यांना गादीवर बसविले. पुढे भावाभावांत वितुष्ट आले. रघूजींनी बुऱ्हाणशहाचा पक्ष घेतला, अकबरशहास राज्य सोडावे लागले आणि १७४३ च्या सुमारास कारभाराची सर्व सूत्रे रघूजींकडे आली.

या वेळी बुऱ्हाणशहास पदच्युत करणे रघूजींना अवघड नव्हते. त्यांनी तसे केले नाही. राजा ही पदवी, नागपुरातील वास्तव्य आणि उत्पन्नातील ठराविक हिस्सा त्याच्याकडे राहू दिला. रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स यांच्या १८२७ च्या अहवालात नोंद आहे की, काही महसुली कागदांना गोंड राजाच्या शिक्क्याची आवश्यकता असे. राज्य एकाचे व शिक्का दुसऱ्याचा, अशी ही रचना होती.

याला केवळ औदार्य म्हणता येणार नाही आणि केवळ कपटही म्हणता येणार नाही. साताऱ्याच्या छत्रपतींच्या नावाने पेशवे कारभार करीत, दिल्लीच्या बादशहाच्या नावाने सुभेदार करीत. त्या काळच्या राजनीतीत नामधारी धनी असणे ही मान्य गोष्ट होती. परंतु परिणामाच्या दृष्टीने पाहता हे बंधन कोणत्याही बेडीहून घट्ट ठरले. गोंड राजाभोवती पहारे वाढविण्याची गरज नव्हती, कारण त्याची प्रतिष्ठाच भोसल्यांच्या सत्तेवर अवलंबून होती. ज्या प्रजेने त्याच्यासाठी शस्त्र उचलले असते, तिला आपला राजा गादीवरच दिसत होता. सन्मान हाच येथे साखळदंड झाला. नागपुरातील गोंड राजाच्या किल्ल्याकडे पाहताना ही गोष्ट ध्यानी घ्यावयास हवी. तो पराभवाचे स्मारक नाही. राज्य गेले तरी राजेपण कसे उरले आणि ते उरू दिल्याने दुसऱ्याचे राज्य कसे स्थिर झाले, याची ती खूण आहे.

३. तह व खंडणी यांचे बंधन

बंगालच्या मोहिमा या मार्गाची उत्तम परीक्षा घेतात. रघूजींचे सेनापती भास्करराम कोल्हटकर यांना बंगालचा नवाब अलीवर्दीखान याने ३१ मार्च १७४४ रोजी मानकरा येथे बोलणीसाठी बोलावून प्रमुख सरदारांसह ठार केले. शत्रूला जखडण्याऐवजी मारण्याचा हा मार्ग होता. त्याने काय साधले? पुढच्याच वर्षी रघूजी स्वतः बंगालवर चालून आले आणि युद्ध आणखी सहा-सात वर्षे चालले. अखेर १७५१ च्या तहाने अलीवर्दीखानाने दरसाल बारा लक्ष रुपये चौथाई मान्य केली, ओरिसा भोसल्यांच्या हाती आला आणि सुवर्णरेखा नदी ही सीमा ठरली. जे विश्वासघाताने झाले नाही ते पैशाच्या नियमित हप्त्याने झाले. मराठ्यांच्या बंगालमधील स्वाऱ्या थांबल्या.

हे बंधन दुहेरी होते. पैसे देणारा नवाब बांधला गेला, तसाच घेणाराही बांधला गेला, कारण स्वारी केली तर हप्ता बुडणार होता. तहाचे बळ या परस्परतेत असते.

ही परस्परता नसलेला तह कसा असतो, हे भोसल्यांनी स्वतः अनुभवले. थोरले माधवराव पेशवे यांनी जानोजी भोसल्यांवर मोहीम काढून नागपूरची धूळधाण केली आणि मार्च १७६९ मध्ये कनकापूरचा तह झाला. पेशव्यांच्या संमतीवाचून सैन्यात वाढ करू नये, परसत्तांशी परस्पर राजकारण करू नये, अशा त्यातील अटी होत्या. जानोजींना कोणी कैद केले नाही. पण सैन्य आणि परराष्ट्रव्यवहार या राज्याच्या दोन हातांवर दोरी पडली. अर्थात ही दोरी पुण्याच्या हातात जोर असेपर्यंतचीच होती. १७७२ मध्ये माधवराव व जानोजी दोघेही निवर्तले आणि पुढील यादवीत ती सैल पडली.

४. तैनाती फौज

इंग्रजांनी भोसल्यांना प्रथम रणांगणावर गाठले. २९ नोव्हेंबर १८०३ ची आडगावची लढाई आणि १५ डिसेंबरला गाविलगडाचा पाडाव यांनंतर १७ डिसेंबर १८०३ रोजी देवगावचा तह झाला. कटक व वर्धा नदीच्या पश्चिमेकडील प्रदेश गेला आणि नागपुरात रेसिडेंट आला. तरीही दुसरे रघूजी यांनी मार्च १८१६ मधील आपल्या मृत्यूपर्यंत तैनाती फौज स्वीकारली नाही. त्या एका नकारात राज्याचे उरलेसुरले स्वातंत्र्य होते.

त्यांच्यामागून आलेले परसोजी असमर्थ होते. कारभाराचा हक्क पक्का करण्यासाठी आप्पासाहेबांनी २७ मे १८१६ रोजी तैनाती फौजेचा करार केला. फौजेसाठी दरसाल साडेसात लक्ष रुपये नागपूरने द्यावयाचे होते. म्हणजे पहारेकऱ्याचा पगार कैद्याने भरावयाचा होता. पूर्वीच्या कोणत्याही मार्गात हे नव्हते. चंदासाहेबाला ठेवण्याचा भार मराठ्यांवर होता, गोंड राजाचा तनखा भोसले देत होते. येथे भार जखडलेल्यावरच टाकला गेला.

२६ व २७ नोव्हेंबर १८१७ रोजी सीताबर्डीवर ही गाठ तोडण्याचा प्रयत्न झाला आणि फसला. १६ डिसेंबरला आप्पासाहेब रेसिडेन्सीच्या स्वाधीन झाले. परंतु शहरातील अरब शिबंदी डिसेंबरअखेरपर्यंत लढत राहिली. राजा हाती आला म्हणजे सैन्य हाती आले असे नाही, हा धडा इंग्रजांना येथेच मिळाला. जानेवारी १८१८ मध्ये कठोर अटींवर आप्पासाहेबांना गादीवर ठेवले गेले आणि १५ मार्चला अटक करण्यात आली. अलाहाबादेकडे नेत असताना १३ मे रोजी जबलपूरच्या वाटेवर, पहाऱ्यावरील शिपाई वश करून त्यांच्याच वेषात ते निसटले. महादेवाच्या डोंगरात गोंडांनी त्यांना आश्रय दिला. पुढे असीरगड, पंजाब असा प्रवास करून ते जोधपूरच्या मानसिंगाच्या आश्रयास गेले आणि १८४० मध्ये तेथेच वारले.

इंग्रजांची बेडी अशा रीतीने दोन महिन्यांत तुटली. पण नागपूरची पकड सुटली नाही, कारण ती व्यक्तीवर नव्हती. जून १८१८ मध्ये अल्पवयीन तिसरे रघूजी गादीवर बसविण्यात आले आणि कारभार रेसिडेंट जेंकिन्स यांच्या हाती गेला. पहिल्या रघूजींनी बुऱ्हाणशहाच्या बाबतीत जी रचना केली होती, तिचीच ही मोठी आवृत्ती होय. फरक एवढाच की गोंड राजाचे राजेपण भोसल्यांनी शेवटपर्यंत राहू दिले. १८५३ मध्ये तिसरे रघूजी निपुत्रिक वारल्यावर इंग्रजांनी ते निमित्त करून राज्यच खालसा केले.

तौलनिक विवेचन व निष्कर्ष

वरील उदाहरणांवरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) कैद हे सर्वांत दृश्य पण सर्वांत नाजूक बंधन होय. कैद्याचा दावा उचलून धरणारे कोणी बाहेर असेल तर कैद त्याला केवळ थांबविते. चंदासाहेब हे त्याचे उदाहरण. दावेदारी संपली असेल, जसे नीलकंठशहाचे झाले, तरच ती टिकते. शिवाय सारी मदार पहारेकऱ्याच्या निष्ठेवर असते, हे आप्पासाहेबांच्या सुटकेने दाखविले.

२) शत्रूचा घात केल्याने व्यक्ती संपते, वैर वाढते. भास्कररामांच्या हत्येनंतरची वर्षे याची साक्ष देतात.

३) तहाचे बंधन दोन्ही पक्षांना त्यात लाभ असेल तेव्हाच टिकते. एकतर्फी तह बलवानाच्या हयातीपुरता असतो.

४) सन्मान व तनखा यांनी घातलेले बंधन सर्वांत दीर्घायुषी ठरले, कारण त्यात बांधलेल्याला बंधनातच आपले हित दिसू लागते. तैनाती फौजेने याच तत्त्वाला शस्त्रबळाची जोड दिली आणि खर्च बांधलेल्यावर टाकला.

राज्ये एका दिवसाच्या लढाईत गेली असे आपण शिकवितो. नागपूरचे राज्य सीताबर्डीच्या टेकडीवर गेले, हे विधान म्हणूनच अपुरे आहे. दीड वर्ष आधी, २७ मे १८१६ रोजी, एका सहीने त्याच्या वाटा बंद झाल्या होत्या. टेकडीवर त्या बंद असल्याचे केवळ सिद्ध झाले.