मोटरहोममधील निवासी बॅटरी व तिचे नियंत्रण (जुन्या गाड्या)

मोटरहोमच्या राहत्या भागातील दिवे, पाण्याचा पंप, हीटरचा पंखा इत्यादींना १२ व्होल्टचा पुरवठा करणारी आणि इंजिन सुरू करणाऱ्या बॅटरीपासून वेगळी ठेवलेली बॅटरी म्हणजे निवासी बॅटरी. ब्रिटनमध्ये तिला लेझर (म्हणजे फुरसतीची) बॅटरी म्हणतात. ही बॅटरी, तिला भारित करणारी साधने, दोन्ही बॅटऱ्या जोडणारा-तोडणारा रिले आणि भिंतीवरचे स्विचांचे पॅनेल मिळून तिची नियंत्रण-व्यवस्था होते. या नोंदीत मुख्यत्वे १९८० व १९९० च्या दशकांतील ब्रिटिश आणि जर्मन गाड्यांचा विचार केला आहे. टॅल्बट एक्सप्रेस, फियाट ड्युकाटो, फोर्ड ट्रान्झिट, बेडफर्ड सीएफ या व्हॅनांच्या सांगाड्यांवर बांधलेल्या अशा असंख्य गाड्या आजही रस्त्यावर आहेत. त्यांतल्या बहुतेक अनेक मालकांच्या हातांतून गेल्या आहेत आणि मूळ माहितीपुस्तिका हरवल्या आहेत. त्यामुळे पॅनेलवरचे कोणते बटण नेमके काय करते, हे नव्या मालकाला तारा तपासूनच ठरवावे लागते.

पूर्वेतिहास : फोक्सवॅगनच्या व्हॅनवर वेस्टफालियाने १९५१ पासून राहण्याची सोय बसवायला सुरुवात केली. त्या काळच्या गाड्यांत विजेची गरज एखाद्या दिव्यापुरतीच होती आणि ती गाडीच्याच बॅटरीतून भागे. स्वयंपाक गॅसवर होई आणि पाणी हाताने किंवा पायाने दाबायच्या पंपाने येई. पुढे फ्लुओरेसंट नळ्या, विजेचा पंप आणि दूरचित्रवाणी संच आले. रात्रभर दिवे वापरल्यावर सकाळी सेल्फ मारला तर गाडी हलेना, तेव्हा दुसरी बॅटरी आवश्यक ठरली.

बॅटरी : सुरू करायची बॅटरी काही सेकंद शेकडो अँपिअरचा प्रवाह देते आणि लगेच अल्टरनेटरकडून भरून घेते. निवासी बॅटरीने थोडा प्रवाह तासन्‌तास द्यायचा असतो, म्हणून तिच्या शिशाच्या पट्ट्या जाड असतात. भारतातील घरांत इन्व्हर्टरला लावली जाणारी ट्युब्युलर बॅटरी याच कामाची. सर्वसाधारण धारणक्षमता ७५ ते ११० अँपिअर-तास असते. पातळ आम्लाची, जेल आणि एजीएम (काचतंतूंच्या चटयांत आम्ल शोषून ठेवलेली) असे तीन प्रकार आढळतात. बाजारात निवासी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही बॅटऱ्यांची अंतर्रचना सुरू करायच्या बॅटरीसारखीच असते. निव्वळ वेष्टनावरून हे कळत नाही. पातळ आम्लाची बॅटरी भरताना हायड्रोजन सुटतो. ती आसनाखाली किंवा कपाटात असेल, तर वायू गाडीबाहेर नेणारी नळी जोडलेली असणे अत्यावश्यक आहे. बॅटरी बदलताना ही नळी काढली जाते आणि पुन्हा लावायची राहून जाते.

दोन बॅटऱ्यांना जोडणारा रिले : साऱ्या व्यवस्थेचे मर्म येथे आहे. जुन्या गाडीत निवासी बॅटरी भरत नाही अशी तक्रार असेल, तर शोध पॅनेलपासून न घेता येथून घ्यावा.

अल्टरनेटरवर ‘डी+’ नावाचे टर्मिनल असते. जर्मन मानकाच्या क्रमांकनात त्याच वायरीला ६१ म्हणतात. इंजिन बंद असता तेथे विद्युतदाब (व्होल्टेज) नसतो. इंजिन चालू होऊन अल्टरनेटर वीज निर्माण करू लागला की तेथे जवळपास बॅटरीइतकाच दाब येतो, आणि डॅशबोर्डवरचा लाल बॅटरी-दिवा विझतो. हाच दाब रिलेच्या गुंडाळीला, म्हणजे ८५ व ८६ या टोकांना दिला जातो. गुंडाळी खेचली की ३० व ८७ ही टोके जुळतात आणि दोन्ही बॅटऱ्या समांतर होतात. इंजिन बंद होताच जोड तुटतो. राहत्या भागाने रात्रभर कितीही वीज खाल्ली तरी सुरू करायची बॅटरी शाबूत राहते, ती यामुळेच.

गुंडाळीला सुमारे ०.१५ अँपिअरच प्रवाह लागतो. तरीही ‘डी+’वरून रिलेखेरीज दुसरे काही चालवू नये. त्या वायरीवर भार वाढला, तर अल्टरनेटरचे चुंबकीय क्षेत्र चेतवणारा प्रवाह दुसरीकडे वळतो आणि अल्टरनेटर वीजच निर्माण करीत नाही. काही गाड्यांत मागाहून हात घालणाऱ्याने ‘डी+’ शोधण्याचे टाळून रिलेची वायर चावीच्या स्विचवरून घेतलेली असते. अशा गाडीत चावी फिरवताच, इंजिन सुरू होण्याआधीच, दोन्ही बॅटऱ्या जोडल्या जातात. सेल्फ मारताना लागणाऱ्या प्रचंड प्रवाहाचा काही भाग मग निवासी बॅटरीतून जोडणाऱ्या बारीक वायरीने जाऊ लागतो आणि त्या वायरीवरचा फ्यूज उडतो. इंजिन सुरू करताना हा फ्यूज वरचेवर उडत असेल, तर मोठा फ्यूज बसवून प्रश्न सुटत नाही. रिलेची वायर ‘डी+’वर नेणे हाच उपाय.

जोडणाऱ्या वायरीच्या दोन्ही टोकांना, प्रत्येक बॅटरीजवळ एक, असे दोन फ्यूज हवेत. दोन्ही बाजूंना ऊर्जेचा साठा असल्याने वायर मध्ये कोठेही घासून चॅसिसला टेकली तर प्रवाह दोन्हीकडून येतो. जुन्या ब्रिटिश गाड्यांत अनेकदा एकच फ्यूज आढळतो. ही उणीव इतर कोणत्याही दुरुस्तीच्या आधी दूर करावी.

वायरीच्या जाडीकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. तांब्याची २.५ चौरस मिलिमीटर छेदाची वायर जाऊन-येऊन १० मीटर असेल, तर तिचा रोध सुमारे ०.०७ ओहम होतो. २० अँपिअर प्रवाहाला तीत १.४ व्होल्ट खर्ची पडतात. अल्टरनेटरने १४.२ व्होल्ट दिले तरी बॅटरीपाशी १२.८ व्होल्ट पोहोचतात आणि एवढ्या दाबाने ती नीट भरत नाही. प्रवाह कमी झाला की तूटही घटते, म्हणून बॅटरी अखेरीस भरते खरी, पण दिवसभर गाडी चालवून. तीच वायर ६ चौरस मिलिमीटरची असेल, तर तूट सुमारे ०.६ व्होल्टवर येते.

तपासणी सोपी आहे. मल्टीमीटर निवासी बॅटरीच्या टर्मिनलांना लावावा. इंजिन बंद असता, समजा, १२.५ व्होल्ट दिसतील. इंजिन सुरू करून वेग किंचित वाढवला की आकडा १३.५ च्या वर जायला हवा. नाही गेला, तर आधी दोन्ही फ्यूज पाहावेत, मग ८६ वर दाब येतो का ते पाहावे, मग ३० आणि ८७ यांवरचे दाब ताडून पाहावेत. दोहोंत अर्ध्या व्होल्टचा फरक असेल, तर रिलेचे स्पर्शक जळालेले आहेत. रिले ‘टक्’ असा वाजला म्हणजे चालतो, हा समज चुकीचा आहे. जळक्या स्पर्शकांचा रिलेही वाजतो.

काही गाड्यांत ‘डी+’ऐवजी दाब ओळखणारा रिले असतो. तो साधारण १३.३ व्होल्टला जोडतो आणि १२.८ च्या आसपास तोडतो.

शीतकपाटाचा रिले : तीन ऊर्जास्रोतांवर, म्हणजे गॅस, २३० व्होल्ट आणि १२ व्होल्ट यांवर चालणारे शोषण-पद्धतीचे शीतकपाट १२ व्होल्टवर ८ ते १४ अँपिअर प्रवाह घेते. गाडी उभी असताना ते बॅटरीवर चालू राहिले, तर एका रात्रीत बॅटरी बसते. म्हणून त्याला स्वतंत्र रिले असतो आणि तो इंजिन चालू असतानाच जोडला जातो.

ब्रिटिश पॅनेल : १९८० व १९९० च्या दशकांत झिग या कंपनीची पॅनेले ब्रिटिश मोटरहोम व कॅरॅव्हॅन या दोहोंत इतकी बसवली गेली, की तेथील मालक कोणत्याही कंपनीच्या पॅनेलला झिगच म्हणतात. प्लग-इन सिस्टिम्स आणि सार्जंट यांची पॅनेलेही आढळतात. मांडणी साधारण एकच असते : एक मुख्य स्विच, दिवे व पंप यांचे स्वतंत्र स्विच, फ्यूजची रांग, काट्याचा मीटर आणि बॅटरी निवडायचा स्विच.

या निवड-स्विचने जेवढा गोंधळ घातला आहे तेवढा दुसऱ्या कशानेही नाही. पॅनेल मुळात मोटारीमागे ओढायच्या कॅरॅव्हॅनसाठी आखलेले असल्याने त्यावर ‘कार’ आणि ‘व्हॅन’ अशी दोन नावे असतात. ‘कार’ म्हणजे ओढणाऱ्या मोटारीची बॅटरी, ‘व्हॅन’ म्हणजे कॅरॅव्हॅनची. तेच पॅनेल मोटरहोममध्ये आले की ट्रान्झिटसारख्या व्हॅनचा मालक ‘व्हॅन’ म्हणजे इंजिनाची बॅटरी समजतो, आणि ती वाचवायची म्हणून स्विच ‘कार’वर ठेवून झोपतो. सकाळी इंजिन सुरू होत नाही, निवासी बॅटरी मात्र भरलेली असते. मुक्कामी असताना स्विच ‘व्हॅन’वरच हवा. खात्री करायची तर निवासी बॅटरीचे एक टोक सोडवून पाहावे. ‘व्हॅन’वर दिवे विझले तर जोडणी बरोबर आहे.

बाहेरून २३० व्होल्ट जोडल्यावर चार्जर आपोआप चालू होतोच असे नाही. अनेक जुन्या पॅनेलांवर त्याचा वेगळा स्विच असतो. काही रचनांत निवड-स्विच ज्या बॅटरीवर असेल तीच भरली जाते, काहींत निवासी बॅटरी नेहमीच भरते. एकाच कंपनीच्या निरनिराळ्या प्रतिरूपांतही यात फरक आढळतो. चार्जर बहुधा स्थिर १३.८ व्होल्टचा असतो. त्याने बॅटरी फसफसत नाही, पण पूर्ण भरायला वेळ फार लागतो आणि वर्षानुवर्षे तेवढ्यावरच राहिलेल्या बॅटरीत सल्फेट साचत जाते. अगदी जुने चार्जर अस्थिर दाबाचे असतात. बॅटरी काढून ठेवून नुसत्या अशा चार्जरवर दूरचित्रवाणी संच किंवा एलईडी दिवे चालवू नयेत. दाबातील चढउतार शोषून घेणारी बॅटरीच तेथे नसते.

काट्याचा मीटर : लाल, पिवळा, हिरवा अशा पट्ट्यांचा हा मीटर दाब दाखवतो, साठा नव्हे. चार्जर किंवा इंजिन चालू असता तो हिरव्यातच असतो, मग बॅटरी मेलेली का असेना. पंप चालू असता तो खाली झुकतो, मग बॅटरी भरलेली का असेना. भार व चार्जर दोन्ही बंद ठेवून काही तासांनी घेतलेला दाबच विश्वसनीय. शिसे-आम्ल बॅटरीत १२.७ व्होल्ट म्हणजे पूर्ण भारित, १२.४ म्हणजे सुमारे तीन-चतुर्थांश, १२.२ म्हणजे निम्मी आणि १२.० म्हणजे पाव, असे ढोबळ प्रमाण आहे. लाल-हिरव्या पट्टीवर हे फरक केसाएवढे असतात. पाच-सहाशे रुपयांचा अंकीय मल्टीमीटर या मीटरपेक्षा कितीतरी जास्त सांगतो. पातळ आम्लाच्या बॅटरीत हायड्रोमीटर त्याहूनही खरे सांगतो. सहा कोठ्यांपैकी पाचांत १.२७ आणि एकीत १.१५ घनता आली तर ती बॅटरी गेली. बॅटरी निम्म्याखाली उतरू देऊ नये असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. जाड पट्ट्यांच्या बॅटरीला हा नियम कितपत लागू करावा याविषयी मतभेद आहेत.

जर्मन पद्धती : हायमर इत्यादी गाड्यांत शाउट कंपनीची ‘एलेक्ट्रोब्लॉक’ नावाची पेटी असते, ईबीएल ९९ हे त्यातील बहुपरिचित प्रतिरूप. चार्जर, दोन्ही रिले आणि फ्यूज एकाच पेटीत असतात व दाराजवळच्या पॅनेलवरून तिला आज्ञा जातात. निवड-स्विच नसतो, राहता भाग नेहमी निवासी बॅटरीवरच चालतो, आणि पॅनेलवरचे बटण केवळ कोणत्या बॅटरीचा दाब दाखवायचा ते ठरवते. २३० व्होल्ट जोडले असता सुरू करायची बॅटरीही थोड्या प्रवाहाने भरली जाते. दाब फारच उतरला, तर पेटी भार आपोआप तोडते. पेटीवर जेल व पातळ आम्ल यांत निवड करणारी बारीक सरकपट्टी असते. बॅटरीचा प्रकार बदलल्यावर ती सरकवायची असते, आणि त्याआधी बाहेरची वीज काढायची असते. सेकंडहँड गाडीत ही पट्टी बॅटरीशी जुळते का, हे पहिल्याच दिवशी पाहावे.

ट्रुमा कंपनीच्या काही जुन्या बॉयलरांच्या निचरा-झडपेला बंद राहण्यासाठी सतत १२ व्होल्ट लागतात. पॅनेलवरून सारा पुरवठा बंद केला की झडप उघडते आणि टाकीतले पाणी गाडीखाली वाहून जाते. हा बिघाड नसून पाणी गोठून टाकी फुटू नये यासाठीची सोय आहे.

फ्यूज : जुन्या ब्रिटिश पॅनेलांत काचेच्या नळीचे, नंतरच्यांत पात्याचे. पात्याच्या फ्यूजचे रंग ठरलेले आहेत : १० अँपिअर लाल, १५ निळा, २० पिवळा, ३० हिरवा.

२३० व्होल्टची बाजू : निळा १६ अँपिअर प्लग, ३० मिलिअँपिअरचा गळती-रक्षक आणि एमसीबी. युरोप खंडातील काही मुक्कामस्थळी फेज व न्यूट्रल उलट असतात.

नंतरचे बदल : छतावर सौरपट्टी बसवली की तिचा नियामक थेट निवासी बॅटरीला जोडावा; जुन्या पॅनेलमधून नेला तर मुख्य स्विच बंद करताच भरणे थांबू शकते. एलईडी दिव्यांनी भार पुष्कळ घटला आहे. १० वॉटच्या हॅलोजनच्या जागी २ वॉटचा दिवा पुरतो. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी जुन्या व्यवस्थेत नुसती अदलाबदल करून बसवणे योग्य नाही. तिचा दाब बराच काळ १३.२ च्या आसपास स्थिर राहत असल्याने काट्याचा मीटर निरुपयोगी ठरतो. शिवाय तिचा अंतर्गत रोध अत्यल्प असल्याने रिलेमार्गे ती एवढा प्रवाह ओढते, की वायर, रिले आणि जुना अल्टरनेटर तिन्ही तापतात. मध्ये प्रवाह मर्यादित ठेवणारा बॅटरी-ते-बॅटरी चार्जर हवा.

भारत : मोटर कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वाहन-मानक आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारले.