पडदा, कुलूप आणि सही

आपल्या केळापूर तालुक्याचं मुख्यालय पांढरकवडा. इथल्या कुठल्याही कचेरीत नेहमीची तक्रार ऐकू येते: दहा मिनिटं हात लावला नाही की पडदा काळा, पुन्हा पासवर्ड. सेटिंग बघावी तर ती करडी, हलतच नाही.

हा पडदा आला काच वाचवायला. जुन्या नळीच्या मॉनिटरवर एकच चित्र राहिलं की फॉस्फर जळून डाग पडे. १९८३ मध्ये जॉन सोचा यांनी आयबीएम पीसीसाठी छोटा प्रोग्राम लिहिला. तीन मिनिटांनी पडदा कोरा. पुढे त्याला पासवर्ड जोडला गेला. विंडोज २००० पासून ग्रुप पॉलिसीने वेळ ठरवायचा हक्क कचेरीच्या प्रशासकाकडे गेला.

आता काच जळत नाही, मग कुलूप कशाला? १ मे २०१८ पासून सातबारा डिजिटल सहीचा झाला. पूर्वी दप्तराच्या कपाटाला किल्ली असे. आज उघडा पडदा म्हणजे उघडं कपाट. उठून गेलात आणि दुसऱ्याने काही केलं, तरी नोंद तुमच्याच नावे. नुकसान मात्र एखाद्या कास्तकाराचं.

म्हणून पळवाट शोधू नका. वेळ अपुरा पडतो? कारण लिहून प्रशासकाकडून वाढवून घ्या. किल्ली मागता येते, कुलूप तोडू नये.