कुवेतमधली मुले आणि म्हातारपणाची ओळख

विद्यार्थ्यांनी वयस्क माणसांबरोबर नियमित काही काम करायचे आणि त्यातून म्हातारपण समजून घ्यायचे, याला आंतरपिढी शिक्षण म्हणतात. नाव नवे असले तरी आमच्या जनरल नर्सिंगच्या डिप्लोमात घरभेटी होत्याच. पिशवी घेऊन चाळीत जायचे, आजीबाईंचे ब्लडप्रेशर घ्यायचे आणि मग अर्धा तास त्यांचेच ऐकायचे. म्हातारपण मी तिथे शिकले, पुस्तकात नाही.

कुवेतमधल्या भारतीय मुलांची अडचण वेगळी आहे. तिथे त्यांना म्हातारी माणसे दिसतच नाहीत. परदेशी माणूस नोकरीसाठी येतो आणि नोकरी संपली की परत जातो. २०२१ च्या सुरुवातीपासून बारावी किंवा त्याहून कमी शिकलेल्या, साठी ओलांडलेल्या परदेशी लोकांचे वर्क परमिट नवे करून देणे बंद झाले होते. २०२२ मध्ये २५० दिनार फी आणि आरोग्य विमा घेऊन ते पुन्हा सुरू केले. अशाने कितीतरी घरे आधीच हलली. आजीआजोबा मुलांना दिसतात ते उन्हाळ्याच्या सुट्टीत किंवा मोबाईलवर.

कुवेती घरात तसे नसते. दिवाणियात आजोबा, मुलगा, नातू एकाच बैठकीत बसतात. तिथल्या २०१६ च्या वृद्ध-सेवा कायद्यात ६५ वर्षांवरचा कुवेती नागरिक वृद्ध धरला आहे. सरकारची फिरती पथके घरी जाऊनही सेवा देतात. आपल्याकडे मात्र साठीलाच ज्येष्ठ नागरिक!

नेदरलँड्समध्ये डेव्हेंटर गावच्या हुमानितास वृद्धाश्रमात २०१२ पासून कॉलेजची मुले भाडे न देता राहतात. बदल्यात महिन्याला ३० तास चांगल्या शेजाऱ्यासारखे वागायचे, एवढीच अट. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालातही म्हटले आहे की वयावरून होणारा दुजाभाव शिक्षणाने आणि पिढ्यांच्या सहवासाने कमी होतो.

पण सहवास म्हणजे वर्षातून एकदा फळे वाटून फोटो काढणे नव्हे. एका ठिकाणी मी असा कार्यक्रम पाहिला. मुले गेली आणि मधुमेही आजोबांच्या हातात चार केळी उरली. कोणी विचारलेसुद्धा नाही! एक मूल, एक वयस्क माणूस, आणि निदान तीन-चार महिने तीच जोडी, असे हवे.

जाण्याआधी तयारी करून घ्यावी. कानात कापूस, चष्म्याच्या काचेला थोडे व्हॅसलीन, बुटात हरभऱ्याचे दाणे घालून मुलांना जिना उतरायला लावा, कठडा धरून आणि मोठ्या माणसाच्या देखरेखीत. आजी सावकाश का चालते ते लगेच कळते. मग काय पाहायचे ते सांगा : गोळ्या किती आणि कोणत्या वेळी, पायाखाली सुटी सतरंजी आहे का, पाणी किती पितात. कुवेतमध्ये पाण्याला फार महत्त्व. जुलै २०१६ मध्ये तिथल्या मित्रिबाह येथे ५३.९ अंश तापमान नोंदले गेले, आणि म्हाताऱ्या माणसाला तहान कमी लागते. मुलांनी गोळ्या बदलायच्या नाहीत, पैशाचे व्यवहार करायचे नाहीत. काही खटकले तर मोठ्यांना सांगायचे.

जवळ कोणी वयस्क नसेल तर गावाकडच्या आजीआजोबांबरोबरच करता येते. कुवेतचे घड्याळ आपल्या अडीच तास मागे. मुलांना रात्री आठला वेळ मिळतो तेव्हा इथे साडेदहा, आजी झोपलेली. दुपारी चारला फोन लावा, इथे साडेसहा असतात. "जेवलीस का" यावर थांबू नका. पहिला पगार किती होता, बाळंतपण कुठे झाले, आता कशाची भीती वाटते, हे विचारा. फोन झाल्यावर मुलाने वहीत चार ओळी लिहाव्यात. पुढच्या वेळी त्यातले एक आजीला वाचून दाखवावे, चुकले असेल तर ती दुरुस्त करील.