दीर्घकालीन शारीरिक लक्षणे, मुले व तरुणांमधील

अनेक आठवडे वा महिने टिकणारी किंवा पुन्हा पुन्हा उद्भवणारी पोटदुखी, डोकेदुखी, थकवा, चक्कर इत्यादी लक्षणे. तपासण्यांमधून त्यांचा पुरेसा उलगडा होत नाही. दुखणे मात्र खरे असते. ‘शाळा बुडवायचं नाटक’ हा घरोघरचा शेरा चुकीचाच. इंग्लंडमधील बालरोगतज्ज्ञ जॉन ॲप्ली यांना १९५८ मध्ये सुमारे दर १० शाळकरी मुलांमागे एकात वारंवार पोटदुखी आढळली. मेंदू व आतडे यांमधील संदेशवहन संवेदनशील झाले की आतड्यांची साधी हालचालही वेदना म्हणून जाणवते. अपुरी झोप, काळजी, एखादा जंतुसंसर्ग यांनी ही वेदना वाढते.

पुण्यात निदान करताना आहाराचा विचार आधी हवा. तेथील केईएम रुग्णालयाच्या चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ मध्ये सुरू केलेल्या अभ्यासात निम्म्याहून अधिक गरोदर स्त्रियांमध्ये ब-१२ जीवनसत्त्व कमी आढळले. म्हणून मुलांच्याही थकवा, मुंग्या येणे अशा तक्रारींत ब-१२ व हिमोग्लोबिन तपासल्याशिवाय ‘ताण’ म्हणून मोकळे होऊ नये. वजन घटणे, ताप, शौचातून रक्त, झोपेतून उठवणारी वेदना असल्यास सखोल तपासणी आवश्यक.

त्यानंतर तपासण्यांचा ससेमिरा थांबवून एकाच डॉक्टरांकडे नियमित जाणे इष्ट. पुण्याच्या सदाशिव पेठेत खोली घेऊन स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांना हे विशेष अवघड. त्यात भर मेसचे जेवण, जागरण आणि परस्पर घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या, ज्यांच्या अतिरेकानेही डोके दुखते. ठरावीक झोप, हळूहळू वाढवलेला व्यायाम, शाळा न तोडणे आणि बोधात्मक वर्तनोपचार हे मुख्य उपाय. मानसिक आरोग्यासाठी ‘टेलि-मानस’ची १४४१६ ही मोफत दूरध्वनी सेवा २०२२ पासून उपलब्ध आहे.