उस्मानियाची जिद्द आणि आमची मराठी

हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाचा इतिहास आम्ही मराठी मुसलमानांनी केवळ निजामी वैभवाची आठवण म्हणून वाचू नये. १९१८ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठात इंग्रजी सक्तीची होती, पण शिक्षणाचे माध्यम होते उर्दू. त्यासाठी १९१७ सालीच 'दार-उल-तर्जुमा' उभे राहिले. मौलवी अब्दुल हक त्याचे प्रमुख होते. इतिहास, तत्त्वज्ञान, अर्थशास्त्र या विषयांची पुस्तके उर्दूत आली, नवी परिभाषा घडली. देशी भाषेत उच्च ज्ञान मावत नाही, हा समज तिथे खोटा ठरला.

पण संस्थानातल्या बहुसंख्य रयतेची भाषा तेलुगू, मराठी किंवा कन्नड होती. मराठवाड्यातल्या ज्या घरात मराठी बोलली जाई, तिथल्या मुलाला, मग तो कोणत्याही धर्माचा असो, हे माध्यम परकेच होते. मराठी तिथे विषय होता, माध्यम नव्हे. १९३८ साली वसतिगृहात 'वंदे मातरम्' म्हणण्यास मनाई झाली. ती न मानणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले. नागपूर विद्यापीठाने त्यांना सामावून घेतले. पी. व्ही. नरसिंह राव त्यांपैकीच एक.

१९४८ नंतर माध्यम इंग्रजी झाले. १९३९ साली खुली झालेली आर्ट्स कॉलेजची देखणी दगडी इमारत आजही उभी आहे. तर्जुम्याची परंपरा मात्र खुंटली.

आज मराठीतून उच्च शिक्षण मागताना आम्ही उस्मानियाची जिद्द घ्यावी. तिची उणीवही ध्यानात ठेवावी. आपल्या भाषेचा हक्क मागणाऱ्याने शेजाऱ्याच्या भाषेलाही जागा दिली पाहिजे.